भिजत घोंगड्याची इंग्रजी नावे : ‘वेस्ट लोथियन क्वेश्चन’चा प्रकरण अभ्यास

१४ नोव्हेंबर १९७७. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये स्कॉटलंड विधेयकाचे दुसरे वाचन चालू होते. एडिनबरात स्कॉटलंडची वेगळी विधानसभा स्थापन करायची आणि आरोग्य, शिक्षण, घरबांधणी असे विषय तिच्या हाती द्यायचे, हा विधेयकाचा गाभा. सरकार मजूर पक्षाचे आणि त्याला आडवा गेलेला खासदारही मजूर पक्षाचाच. मतदारसंघ स्कॉटलंडमधला वेस्ट लोथियन, नाव टॅम डिएल. (स्पेलिंग पाहून सगळे ‘डॅलिएल’ वाचतात; उच्चार डिएल.)

त्याच्या प्रश्नाचा आशय असा. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड इथले निदान ११९ खासदार इंग्लंडच्या कारभारावर मते देत राहणार, आणि ती अनेकदा निर्णायक ठरणार. पण तेच विषय आपापल्या भागात आले, की या खासदारांना काही बोलता येणार नाही, कारण ते तिथल्या विधानसभेकडे गेलेले असतील. इंग्लंडचे मतदारसंघ आणि त्यांचे खासदार हे किती काळ चालवून घेणार?

११९ हा आकडा हवेतला नव्हता. सभागृहात तेव्हा ६३५ जागा होत्या : इंग्लंड ५१६, स्कॉटलंड ७१, वेल्स ३६, उत्तर आयर्लंड १२. शेवटच्या तिन्हींची बेरीज ११९. पण लोकांच्या लक्षात राहिले ते दोन ब्लॅकबर्न. एक ब्लॅकबर्न इंग्लंडमधल्या लँकशायरमध्ये, दुसरे डिएलच्या स्वतःच्या मतदारसंघात. विधानसभा झाली, की हा खासदार लँकशायरच्या ब्लॅकबर्नमधल्या शाळांवर मत देऊ शकणार आणि ज्या ब्लॅकबर्नने त्याला निवडून दिले तिथल्या शाळांवर नाही.

हा पेच पुढे चौरेचाळीस वर्षे ब्रिटिश राजकारणात फिरत राहिला. त्याच्या राजकीय बाजूवर भरपूर लिहिले गेले आहे. इथे पाहायची आहे ती भाषेची बाजू : इतका जुना, इतका चघळलेला वाद इंग्रजी कोणत्या शब्दांत मांडते, त्यातला कोणता शब्द कोणत्या टप्प्याला चिकटतो आणि मराठीत आणताना नेमके कुठे घसरायला होते. आमचे म्हणणे एवढेच, की इंग्रजीतली ही विशेषणे प्रश्न किती अवघड आहे हे सांगतच नाहीत. प्रश्नाची सध्याची अवस्था काय आणि बोलणाऱ्याला त्याचे काय करायचे आहे, हे ती सांगतात. अनुवाद करायचा तो या दोन गोष्टींचा. शब्दकोशात समोर दिसणारा प्रतिशब्द बहुतेक वेळा दोन्ही हरवून बसतो.

बारसे

प्रश्नाला नाव डिएलने दिले नाही. ते दिले ईनॉक पॉवेल यांनी, ते तेव्हा उत्तर आयर्लंडमधून निवडून आले होते. वेस्ट लोथियनच्या सन्माननीय सदस्यांचा मुद्दा आता कुठे आपल्या ध्यानात आला आहे, तर त्याला ‘वेस्ट लोथियन क्वेश्चन’ म्हणूया, असे ते म्हणाले. नाव चिकटले ते कायमचे.

गंमत म्हणजे पेच नवा अजिबात नव्हता. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या १८८६च्या आयरिश होमरूल विधेयकात आयरिश खासदारांना वेस्टमिन्स्टरमधून, म्हणजे ब्रिटिश संसदेतून, काढूनच टाकण्याची तरतूद होती. १८९३च्या विधेयकात ८० आयरिश खासदार ठेवायचे, पण त्यांनी ठरावीक विषयांवरच मत द्यायचे, अशी युक्ती निघाली. तिला ‘इन अँड आउट’ म्हणत, म्हणजे काही विषयांपुरते आत, काहींपुरते बाहेर. ती चर्चेत टिकली नाही आणि गाळावी लागली. पुढे १९२१ ते १९७२ या काळात उत्तर आयर्लंडला स्वतःची संसद होती आणि तिथले खासदार वेस्टमिन्स्टरमध्ये इंग्लंडच्या कायद्यांवर खुशाल मते देत होते. १९६४ साली हॅरॉल्ड विल्सन यांचे सरकार अवघ्या चार जागांच्या बहुमतावर आले, तेव्हा त्यांना हे खुपलेही. पण वाद उठला आणि विरला. एक्कावन्न वर्षे विसंगती जिवंत होती, नाव नव्हते. नाव मिळाल्यावर तीच गोष्ट वर्तमानपत्राच्या मथळ्यात मावू लागली.

इंग्रजीत मोठ्या, न सुटणाऱ्या राजकीय वादाला ‘क्वेश्चन’ म्हणायची चाल एकोणिसाव्या शतकात पक्की झाली : ईस्टर्न क्वेश्चन, आयरिश क्वेश्चन, श्लेस्विग-होल्स्टाइन क्वेश्चन. या शेवटच्याबद्दल ब्रिटिश पंतप्रधान पामर्स्टन यांच्या नावावर एक किस्सा सांगतात. तो प्रश्न फक्त तिघांना कळला होता : एक राणीचे यजमान, ते वारले, दुसरे एक जर्मन प्राध्यापक, त्यांना वेड लागले, आणि तिसरा मी, मी विसरून गेलो. किस्सा खरा असो वा रचलेला, ‘क्वेश्चन’ या शब्दातून इंग्रजी वाचकाला काय ऐकू येते ते त्यात नेमके सापडते : थकवा, आणि थोडी थट्टा.

मराठीत इथेच पहिली अडचण. ‘वेस्ट लोथियनचा प्रश्न’ असे लिहिले, की वाद त्या जिल्ह्याबद्दल आहे असे वाटते. तिथे धरण व्हायचे आहे की कारखाना बंद पडला आहे, असे काहीतरी. आपण सीमाप्रश्न म्हणतो तेव्हा तो सीमेचाच असतो, पाणीप्रश्न पाण्याचा. वेस्ट लोथियन क्वेश्चन मात्र वेस्ट लोथियनबद्दल नाही. तिथल्या खासदाराने विचारला, एवढाच संबंध. इंग्रजी मोठी अक्षरे वापरून ‘हे विशेषनाम आहे’ असा इशारा देते, देवनागरीत ती सोय नाही. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘वेस्ट लोथियन प्रश्न या नावाने ओळखला जाणारा मतदानाच्या हक्काचा पेच’ असे ऐसपैस लिहावे आणि पुढे ‘वेस्ट लोथियन प्रश्न’ असे, षष्ठीचा ‘चा’ गाळून. एका अक्षराचा फरक आहे, पण त्या ‘चा’ने भल्याभल्यांना चकवले आहे.

अॅकॅडेमिक : अठरा वर्षांची झोप

विधेयक १९७८ साली कायदा झाले, पण त्याला जनमताची अट होती. १ मार्च १९७९ला मतदान झाले आणि ५१.६ टक्के मते बाजूने पडली. मात्र एकूण नोंदणीकृत मतदारांपैकी ४० टक्के बाजूने हवेत, अशी पाचर कायद्यात मारून ठेवली होती आणि हा आकडा ३२.९च्या पुढे गेला नाही. विधानसभा झालीच नाही. त्याच महिन्याच्या २८ तारखेला ३११ विरुद्ध ३१०, म्हणजे एका मताने, सरकारही पडले.

विधानसभाच नाही म्हटल्यावर डिएलचा प्रश्न इंग्रजीच्या भाषेत ‘अॅकॅडेमिक’ झाला. हा शब्द म्हणजे सापळाच आहे. शब्दकोश ‘शैक्षणिक’ म्हणतो, घाईतला अनुवादक ‘शैक्षणिक प्रश्न’ लिहून मोकळा होतो आणि वाचक शाळा-कॉलेज शोधत बसतो. ‘पांडित्यपूर्ण’ लिहिले तर उलटी चूक, ती स्तुती होते. इथे म्हणायचे असते, की डोके लावायला बरा, व्यवहारात ज्याने काही अडत नाही असा. मराठीत ‘निव्वळ चर्चेपुरता’, ‘कागदावरचा’. ‘शब्दांचा कीस’ हेही चालेल, पण त्यात टिंगल आहे. इंग्रजी वाक्यात टिंगल असेल तरच.

‘हायपोथेटिकल’ हा त्याचा जुळा भाऊ वाटतो, पण दोघांत अंतर आहे. हायपोथेटिकल म्हणजे अजून घडलेले नाही; घडले तर बघू. अॅकॅडेमिक म्हणजे घडले काय नि न घडले काय, फरक पडत नाही. १९७७ साली सरकारला हा प्रश्न हायपोथेटिकल म्हणून टोलवता येत होता. १९७९ नंतर तो अॅकॅडेमिक झाला.

व्हेक्स्ड : प्रश्न पुन्हा उठतो

११ सप्टेंबर १९९७च्या जनमतात ७४.३ टक्के लोकांनी स्कॉटिश संसदेला कौल दिला. १९९८ साली कायदा झाला, १९९९ साली संसद बसली. आता प्रश्नाला दात आले.

ते किती धारदार होते हे कळायला २७ जानेवारी २००४चा दिवस पुरे. उच्च शिक्षण विधेयकाचे दुसरे वाचन. इंग्लंडमधल्या विद्यापीठांना वर्षाला ३,००० पौंडांपर्यंत शुल्क घेण्याची मुभा देणारे हे विधेयक ३१६ विरुद्ध ३११ असे पाच मतांनी तरले. मजूर पक्षाचेच बरेच खासदार फुटले होते. स्कॉटलंडच्या मजूर खासदारांनी बाजूने मते दिली नसती, तर विधेयक तिथेच आटोपले असते. त्या खासदारांच्या मतदारसंघांतल्या विद्यापीठांना ही शुल्कवाढ लागू होणार नव्हती. ब्लॅकबर्नचे कोडे सव्वीस वर्षांनी मतमोजणीत उतरले होते.

याच काळात ‘व्हेक्स्ड क्वेश्चन’ हे जोडनाव प्रश्नामागे सर्रास लागलेले दिसते. या जोडीइतका चुकीचा अनुवाद क्वचितच कशाचा होत असेल. ‘व्हेक्स’ म्हणजे चिडवणे, म्हणून ‘संतप्त प्रश्न’. नाहीतर ‘त्रासदायक प्रश्न’. दोन्ही चूक. ही जोडी लॅटिनमधून, वकिलांच्या बोलीतून आली : व्हेक्साटा क्वेस्टिओ. व्हेक्सारे म्हणजे जोराने हलवणे, हेलकावे देणे, आणि त्यावरून छळणे. त्रास प्रश्नाने दिलेला नाही, प्रश्नालाच झालेला आहे. वाद घालणाऱ्यांनी त्याला इतक्या वेळा इकडून तिकडे ढवळले, की तो पार गढूळ झाला. विशेषणाचे रूपच कर्मणी आहे. ‘व्हेक्सिंग’ असते तर ‘त्रासदायक’ बरोबर ठरले असते.

मराठीत याच्या जवळ जाणारे शब्द आहेत आणि तेही चांगले रसरशीत. ‘वर्षानुवर्षे घोळत पडलेला’ सगळ्यात जवळचा, कारण घोळणे म्हणजेही इकडेतिकडे लोळवणे. ‘भिजत घोंगडे’ जवळचे आहे, पण त्यात कुणीतरी मुद्दाम निर्णय लांबवल्याचा आरोप येतो. व्हेक्स्डमध्ये तो नाही. ‘चर्वितचर्वण’ आणि ‘काथ्याकूट’ हे चर्चेबद्दलचे शब्द, प्रश्नाला लावता येत नाहीत. ‘बहुचर्चित’ बेचव आहे, पण चुकीचा नाही. बातमीत तेच लिहावे. नव्या चित्रपटालाही बहुचर्चित म्हणतात, एवढे ध्यानात असू द्यावे.

व्हेक्स्डच्या शेजारी बसणारे ‘थॉर्नी’ वेगळ्या जातीचे. इथे त्रास हात घालणाऱ्याला होतो. थॉर्नी प्रश्न जुना असायलाच हवा असे नाही, कालचाही असू शकतो. तो कुणी उचलायला धजत नाही, हे महत्त्वाचे. ‘काटेरी प्रश्न’ हे मराठीत अलीकडे दिसते, पण मराठी माणूस असे बोलत नाही. तो म्हणतो, ‘नाजूक विषय आहे’, किंवा वैतागला असेल तर ‘अवघड जागेचे दुखणे’. ‘नॉटी’ला, म्हणजे गाठी पडलेल्याला, ‘गुंतागुंतीचा’ पुरतो. तिथे वेळ घालवू नये. ‘इन्ट्रॅक्टेबल’ मात्र जपून. लॅटिन ट्रॅक्टारे म्हणजे हाताळणे. इन्ट्रॅक्टेबल म्हणजे हाताळायला गेले तरी दाद न देणारा. थॉर्नीला कुणी हात लावत नाही, इन्ट्रॅक्टेबलला सगळे हात लावून दमलेले असतात. मराठीत ‘चिवट’. दुखण्यालाही आपण हाच शब्द लावतो आणि तो इथे नेमका बसतो.

अॅनॉमली की अन्याय

आता पक्षांची भाषा. मजूर पक्षाला या व्यवस्थेचा फायदा होता, कारण स्कॉटलंडमध्ये तेव्हा त्यांच्या जागा भरपूर. त्यांचा आवडता शब्द ‘अॅनॉमली’. मूळ ग्रीक अर्थ खडबडीत, सपाट नसलेले. ब्रिटनची अलिखित राज्यघटना अशा खडबडीतपणाने भरलेली आहे, त्यात आणखी एक, असा त्यातला सूर. अॅनॉमली दुरुस्त करावीच लागते असे नाही, ती सांभाळून घेता येते. हुजूर पक्षाच्या तोंडी मात्र ‘अनफेअर’, ‘इन्जस्टिस’. अन्यायासोबत जगा असे म्हणायची कुणाची छाती नसते, त्यामुळे शब्द निवडला की अर्धा युक्तिवाद होऊन जातो.

अनुवादकाचा पाय इथे सगळ्यात हळू घसरतो. ‘अॅनॉमली’ला ‘विसंगती’ म्हणायचे हे उघड आहे. पण पुढच्या परिच्छेदात शब्दाची पुनरुक्ती नको म्हणून कुणी ‘अन्याय’, कुणी ‘दोष’ घालतो आणि मजूर पक्षाच्या मंत्र्याच्या तोंडी विरोधकांचे वाक्य जाते. पुनरुक्ती झाली तर होऊ द्यावी. वादग्रस्त विषयात समानार्थी शब्द नसतात.

लॉर्ड चॅन्सेलर आयर्विन यांच्या नावावर तर याच्याही पुढचे वाक्य आहे : वेस्ट लोथियन प्रश्नावर सर्वोत्तम उपाय म्हणजे तो विचारणे बंद करणे. वाक्य उद्धट आहे, पण भाषेच्या दृष्टीने हुशार. वादाला ‘प्रश्न’ म्हटले की ‘उत्तर’ हवे, हे सगळे गृहीत धरतात. आयर्विन यांनी ते गृहीतच काढून घेतले. विसंगतीला उत्तर नसते. ती असते.

लाँग ग्रास

२०१२ साली सरकारने आयोग नेमला. अध्यक्ष सर विल्यम मॅके, कॉमन्सचे माजी क्लार्क. (हे ‘क्लार्क’ म्हणजे कारकून नव्हेत. सभागृहाच्या कार्यपद्धतीवरचा सर्वांत ज्येष्ठ अधिकारी असतो तो. ‘माजी कारकुनाच्या अध्यक्षतेखाली’ असे कुणी लिहू नये म्हणून हा कंस.) आयोगाचे अधिकृत नाव पाहावे : ‘सत्तावाटपाचे हाउस ऑफ कॉमन्सवर होणारे परिणाम यासाठीचा आयोग’. त्यात ना वेस्ट लोथियन आहे, ना क्वेश्चन. वर्तमानपत्रे त्याला वेस्ट लोथियन आयोग म्हणत राहिली. ज्यांना काम करायचे असते ते प्रश्नाचे गाजलेले नाव टाळतात, ही इंग्रजी सरकारी भाषेची जुनी खोड आहे आणि ती अडाणी नाही. प्रश्नाचे नाव घेतले, की सगळ्या जुन्या भूमिका सोबत येतात.

निर्णय लांबवायला आयोग नेमला, की ब्रिटिश इंग्रजीत विषय ‘लाँग ग्रास’मध्ये लाथाडला म्हणतात, चेंडू उंच गवतात गेला की खेळ थांबतो, तसा. अमेरिकन इंग्रजीत त्याऐवजी डबा रस्त्यावरून पुढे लाथाडतात. दोन्हींत लाथ आहे, फरक बारीक पण कामाचा. गवतातला चेंडू दिसेनासा होतो, डबा समोर दिसतच असतो आणि पुन्हा लाथ मारावी लागते. पहिल्याला मराठीत ‘बासनात गुंडाळणे’, दुसऱ्याला ‘आजचे मरण उद्यावर ढकलणे’. गवत आणि डबा यांचा शब्दशः अनुवाद करायची गरज नाही.

मार्च २०१३मध्ये अहवाल आला. त्यातले सूत्र मवाळ होते : केवळ इंग्लंडवर परिणाम करणारे निर्णय साधारणपणे इंग्लंडच्या खासदारांच्या बहुमताच्या संमतीनेच व्हावेत. इतरांचे मत काढून घ्यायचे नाही. दीड वर्ष अहवाल पडून राहिला.

सो-कॉल्ड, आणि निर्णायक उत्तर

१८ सप्टेंबर २०१४ला स्कॉटलंडने ५५.३ टक्के मतांनी स्वातंत्र्य नाकारले. दुसऱ्या दिवशी सकाळी पंतप्रधान कॅमेरन डाउनिंग स्ट्रीटवर उभे राहिले आणि म्हणाले, की इंग्लिश कायद्यांसाठी इंग्लिश मते हा मुद्दा, म्हणजे सो-कॉल्ड वेस्ट लोथियन क्वेश्चन, आता निर्णायक उत्तर मागतो आहे.

या ‘सो-कॉल्ड’वर थांबावे लागते. मराठीत हात आपोआप ‘तथाकथित’कडे जातो. पण आपल्याकडे तथाकथित विचारवंत, तथाकथित नेते असे म्हटले, की अर्थ होतो ‘म्हणवतात, पण नाहीत’. कॅमेरन प्रश्न खोटा आहे असे म्हणत नव्हते. उलट त्याला उत्तर देण्याची घोषणा करत होते. इंग्रजी सो-कॉल्डचे दोन अर्थ आहेत : ‘ज्याला असे म्हणतात तो’ आणि ‘ज्याला उगाच असे म्हणतात तो’. वाक्यातले क्रियापद पाहून निवड करायची. पुढे सोडवणे, उत्तर देणे असे काही असेल तर पहिला. फेटाळणे, हसणे असेल तर दुसरा. इथे ‘वेस्ट लोथियन प्रश्न म्हणून ओळखला जाणारा’ एवढेच. ‘तथाकथित’ लिहिले, तर पंतप्रधानांच्या तोंडी विरोधकांचा टोमणा जातो.

ईव्हेल चालले कसे

२२ ऑक्टोबर २०१५ला कॉमन्सने आपल्या स्थायी नियमांत बदल केला, ३१२ विरुद्ध २७० मतांनी. कायदा नव्हे, सभागृहाचा नियम. म्हणून पुढे तो सहज पुसता आला. ‘इंग्लिश व्होट्स फॉर इंग्लिश लॉज’ची आद्याक्षरे जोडली, की ‘ईव्हेल’ होते, आणि इंग्रजी कानाला ते जवळपास ‘दुष्ट’ या अर्थाच्या शब्दासारखे ऐकू येते. विरोधकांना आयते कोलीत मिळाले. मराठीत हा श्लेष आणता येत नाही, आणूही नये. हवा तर एका ओळीत सांगावा.

पद्धत अशी होती. विधेयक आले, की सभापती ते वाचून ठरवत, की कोणती कलमे केवळ इंग्लंडला, किंवा इंग्लंड-वेल्सला लागू आहेत आणि तोच विषय इतरत्र तिथल्या विधानसभेच्या हाती आहे का. दोन्ही अटी पूर्ण झाल्या तर प्रमाणपत्र. मग तिसऱ्या वाचनाआधी इंग्लंडच्या (किंवा इंग्लंड-वेल्सच्या) खासदारांची ‘लेजिस्लेटिव्ह ग्रँड कमिटी’ बसून संमती देई. नाव भारदस्त, काम बहुधा काही मिनिटांचे. तिने नकार दिला, तर ती कलमे गळणार. त्यानंतर तिसरे वाचन, त्यात मात्र सगळ्यांची मते. थोडक्यात, इंग्लंडच्या खासदारांना अडवण्याचा हक्क मिळाला, मंजूर करून घेण्याचा नाही.

हा फरक ९ मार्च २०१६ला चांगलाच बोचला. इंग्लंड आणि वेल्समधल्या मोठ्या दुकानांना रविवारी जास्त वेळ उघडे ठेवू द्यायचा सरकारचा बेत ३१७ विरुद्ध २८६ असा हरला आणि स्कॉटिश नॅशनल पार्टीची मते विरोधात पडली नसती, तर तो हरला नसता. नकाराधिकाराने इथे काय होणार? अडवायचे काही नव्हते, मंजूर करायचे होते.

मराठी बातमीत ईव्हेलचे वर्णन ‘इंग्लंडच्या कायद्यांवर फक्त इंग्लंडच्या खासदारांना मतदान’ असे केले, तर ते चूक आहे. घोषणेचा अर्थ तसा होतो, नियमाचा नाही. अचूक लिहायचे तर ‘इंग्लंडच्या कायद्यांना इंग्लंडच्या खासदारांची वेगळी संमती’. लांबलेल्या वादांत घोषणा एक सांगते आणि तरतूद दुसरेच. अनुवाद नेहमी तरतूद वाचून करावा.

मूट : एकच शब्द, दोन उलट अर्थ

साथीच्या काळात, एप्रिल २०२०मध्ये, ईव्हेल स्थगित झाले आणि १३ जुलै २०२१ला रद्दच झाले. तोवर इंग्लंडच्या खासदारांनी हा नकाराधिकार वापरून एकही विधेयक पाडले नव्हते.

आता कुणी इंग्रजीत लिहिले, की वेस्ट लोथियन प्रश्न ‘मूट’ आहे, तर काय समजायचे? लेखक ब्रिटिश आणि जुन्या वळणाचा असेल, तर अर्थ ‘अजून वादाचा, दोन्ही बाजूंनी बोलता येईल असा’. अमेरिकन असेल, तर ‘आता निरर्थक, चर्चेचे कारणच उरले नाही’. मूळ जुन्या इंग्रजीतले, अर्थ सभा. जिथे लोक जमून वाद घालत ती. कायद्याचे विद्यार्थी आजही सरावासाठी मूट कोर्ट भरवतात, काल्पनिक खटला घेऊन. काल्पनिक म्हणजे निकालाने कुणाचे काही बिघडत नाही. इथून अमेरिकन अर्थ फुटला आणि तिथली न्यायालये कारण उरले नाही म्हणून खटला मूट ठरवून काढून टाकतात. एक अर्थ ‘चर्चा करा’, दुसरा ‘चर्चा पुरे’.

असाच घोटाळा ‘टेबल’ या क्रियापदाचा. ब्रिटनमध्ये विषय टेबल करणे म्हणजे चर्चेला घेणे, अमेरिकेत म्हणजे बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांच्या सेनाधिकाऱ्यांची यावरून लांबलचक हुज्जत झाली आणि मग कळले, की दोघांना एकच हवे होते. चर्चिल यांनी ते लिहून ठेवले आहे.

त्यामुळे ‘मूट’ दिसले, की आधी लेखक कुठला ते पाहावे, मग पुढचे वाक्य. पुढे युक्तिवाद चालू राहिला तर ‘वादाचा मुद्दा’. विषय बदलला तर ‘आता गैरलागू’. ‘विवाद्य’ हा शब्द फक्त पहिल्या अर्थाला चालतो. दोन्ही शक्यता उरत असतील तर संपादकाला विचारावे, अंदाज करू नये.

विद्यापीठी लेखनात अशा प्रश्नांना ‘विकेड प्रॉब्लेम’ही म्हणतात. १९७३ साली होर्स्ट रिटल आणि मेल्विन वेबर यांनी नगरनियोजनाच्या संदर्भात या शब्दाला नेमका अर्थ दिला : ज्याची व्याख्याच वादग्रस्त, ज्यात ‘आता झाले’ असे म्हणायची खूण नाही, आणि ज्यावरचे उपाय बरोबर-चूक नसून बरे-वाईट असतात. ‘दुष्ट समस्या’ हा अनुवाद ऐकायला भयंकर आहे. ‘अनिर्बंध’, ‘अवखळ’ असे प्रयोगही फसलेले. ‘तड न लागणारी समस्या’ म्हणावे. मराठीत ‘तड लागणे’ म्हणजे शेवट सापडणे, आणि शेवट नसणे हेच या व्याख्येचे मर्म आहे.

एक वाक्य, करून पाहण्यासाठी

समजा, मजकुरात असे वाक्य आले : व्हेक्स्ड वेस्ट लोथियन क्वेश्चन, एकदा लाँग ग्रासमध्ये लाथाडलेला, ईव्हेलने काही काळ थॉर्नी केला, आज तो मूट आहे. शब्दाला शब्द ठेवला, तर ‘त्रासदायक प्रश्न उंच गवतात’ वगैरे होऊन बसेल. लेखक ब्रिटिश असेल तर आम्ही असे लिहू : ‘वर्षानुवर्षे घोळत पडलेला आणि एकदा आयोग नेमून बासनात गुंडाळलेला वेस्ट लोथियन प्रश्न ईव्हेलच्या काळात नाजूक बनला होता, त्यावर आजही दोन्ही बाजूंनी बोलता येते.’ लेखक अमेरिकन असेल, तर शेवटचा तुकडा बदलून ‘आज तो उकरण्यात अर्थ उरलेला नाही.’

अमेरिकन लेखकाचे म्हणणे खरे आहे का, हे ठरवणे अनुवादकाचे काम नव्हे. मात्र टीप द्यायची वेळ आली, तर आकडे ताजे द्यावेत. २०२४च्या निवडणुकीत ६५० जागा होत्या : इंग्लंड ५४३, स्कॉटलंड ५७, वेल्स ३२, उत्तर आयर्लंड १८. डिएलचे ११९ आता १०७ झाले आहेत.